चंद्रभानचा पहिला गिअर

एकोणतीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो, बोईसर डेपोला. कंडक्टरला गाडी चालवता येत नाही, पण गाडी कशी चाललीय हे त्याला तळपायातून कळतं. डोळे मिटून उभा असलो तरी सांगितलं असतं, आता पाम आलं, आता कुरगावचं वळण, आता ड्रायव्हरनं दुसऱ्यातून तिसरा टाकायला उशीर केला. आमचा एक देवू ड्रायव्हर होता, तो गिअर टाकताना दांड्याला "बस बाबा, बस" म्हणायचा, लहान मुलाला पाटावर बसवतात तसं. दांडाही बसायचा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळा गिअरचाच विषय आहे आणि कुणी म्हणेल झुंबरला यातलं काय कळतं. तेवढं कळतं.

विषय माझा नाही, चंद्रभानचा. पामच्या शाळेत आम्ही सातवीपर्यंत एका बाकावर बसलो. सातवीनंतर मी पुढच्या शाळेत गेलो आणि चंद्रभान गेला चिंचणीला, मामाकडे, डाय करायला शिकायला.

आमच्या भागात घराघरातून डाय होतात हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. नकली दागिने असतात ना, लॉकेट, कानातले, बांगडीवरची वेलबुट्टी, ती पत्र्यावर दाबून उठवतात. ज्याच्यावर दाबायचं तो पोलादाचा ठोकळा म्हणजे डाय. त्या ठोकळ्यात छिन्नी-हातोडीनं नक्षी खणायची. मोराचं पोट दागिन्यात वर आलेलं दिसायला हवं, तर डायमध्ये ते खोल खणायचं. मोर उजवीकडे बघायला हवा, तर डायमध्ये त्याचं तोंड डावीकडे. सगळं उलट. चंद्रभाननं हे काम पंचेचाळीस वर्षं केलं. टक टक टक, दिवसभर. त्याच्या पडवीतल्या शेगड्यात, म्हणजे ठोकळा घट्ट धरायच्या लोखंडी पकडीत, कुठला ना कुठला ठोकळा आवळलेला नाही, असं मी कधी बघितलं नाही.

आता माणूस इतकी वर्षं उलटं खणत राहिला की डोकं तसंच वळतं. त्याच्या बहिणीच्या लग्नात भांड्यांवर नाव घालायचं काम त्यानं हौसेनं अंगावर घेतलं. हंडा, कळशी, ताट, वाटी, सगळ्यांवर भावाचं नाव, सुंदर वळणदार अक्षर. आणि सगळं उलटं. ती कळशी अजून तिच्या सासरी आहे. पाणी भरताना तिच्या जावा म्हणायच्या, तुझ्या भावाला आरशासमोर उभं कर म्हणजे सरळ होईल.

पण डाय एकट्याची होत नाही. खणणाऱ्याला आपली चूक दिसत नाही, कारण तो उलटं बघायला सरावलेला. म्हणून मध्ये मध्ये मेण दाबून छाप काढायची आणि ती दुसऱ्यानं बघायची. चंद्रभानची छाप नर्मदावहिनी बघायची. लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून. मेणाचा गोळा तळहातावर मऊ करायचा, ठोकळ्यावर दाबायचा, उचलायचा, उजेडाला धरायचा आणि सांगायचं, "तिसरी पाकळी जाड झालीय." किंवा, "या मोराला मान दुखतेय." चंद्रभान एक अक्षर न बोलता परत छिन्नी उचलायचा. नवरा-बायकोची भांडणं मी पुष्कळ बघितली, एसटीत तर रोजची, पण हिनं सांगितलेली चूक यानं नाकारल्याचं एकदाही ऐकलं नाही.

तर एकदा, त्यांच्या मुलाचा, भाग्येशचा, जन्म व्हायच्या आधीची गोष्ट, मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं लॉकेटाची डाय मागवली. मोर नको, कुयरी नको, मोटार हवी. वरून उघडी, दोन सीटांची, परदेशी मासिकातलं चित्र सोबत. चंद्रभाननं दीड महिना त्या अंगठ्याएवढ्या मोटारीवर घातला. चाकातल्या काड्या मोजून घातल्या. छाप काढल्यावर वहिनीनं उजेडाला धरून विचारलं, "मागची सीट कुठं हाय?"

"नाय. दोगांचीच गाडी हाय ती."

"मग पोरं कुठं बसतील?"

"पोरं घरी ऱ्हातील. आपण दोगं जाऊ."

त्या वेळी घरात सायकलसुद्धा उसनी होती. पण मेणाची ती छाप चंद्रभाननं काडेपेटीत घालून ठेवली आणि ती अजून आहे. मी बघितलीय. मेण पिवळं पडलंय, मोटार शाबूत आहे.

आता अलीकडचं सांगतो. भाग्येश, त्याचा मुलगा, सालवडला कारखान्यात कॉम्प्युटरच्या मशीनवर डाय कापतो. बापाला जे वीस दिवस लागायचे ते मशीन दुपारच्या जेवणापर्यंत करतं. हाताच्या डायला गिऱ्हाईक कमी होत होत दोन वर्षांपूर्वी थांबलंच. चंद्रभान कुरकुरला नाही. शेगडा पुसून वर फडकं टाकलं. एकसष्टाव्या वर्षी बोईसरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन लायसन काढलं आणि भाग्येशची गाडी घेऊन वाण्याकडे, दवाखान्यात जायला लागला. त्या गाडीच्या गिअरच्या गोळ्यावर वाघाच्या कातड्यासारखी मखमली टोपी घातलेली होती. हे लक्षात ठेवा, नंतर लागेल.

मग गेल्या दिवाळीनंतर एक दिवस तो माझ्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "झुंबर, ती आलीय."

"कोण?"

त्यानं खिशातनं काडेपेटी काढली.

भावेश नावाचा पोरगा आहे, बोईसर-तारापूर रस्त्यावर जुन्या गाड्या विकतो. कुठल्या तरी हौशी माणसाची दोन सीटांची लाल गाडी त्याच्याकडे आली होती. गाडीचं नाव परदेशी, माझ्या जिभेवर बसत नाही. वरचं छप्पर कापडाचं, मागं ढकललं की गाडी उघडी. पंधरा वर्षं जुनी, पण अंगानं ठणठणीत. चंद्रभाननं जन्मभर साठवलेलं त्यात घालायचं ठरवलं होतं आणि भाग्येशनंही, पोरगा शहाणा आहे, "बाबा, तुमचं तुमी बघा" एवढंच म्हटलं.

अडचण अशी की गाड्या दोन होत्या. लाल होती हातानं गिअर टाकायची. तिच्या शेजारी तसलीच एक पांढरी, दोनच सीटांची, पण ऑटोमॅटिक. क्लचच नाही. दांडा एकदा ओढला की पुढचं सगळं गाडी बघते.

"काका, पांढरी लो ना," भावेश म्हणाला. "ये उमर में क्लच दाबत बसणार का? पाय टाका, गाडी चालली. जादूच समजा."

"जादू बघायला मी जत्रेत जाईन," चंद्रभान म्हणाला. "लाल काढ."

ट्रायलला वहिनीला बसवलं. दुसरी सीट तिचीच होती, लॉकेटाच्या दिवसापासून. तिनं हिरवी जरीची साडी नेसली होती, डोक्याला रुमाल बांधला होता. मी आणि चंद्रभान आमच्या ओळखीच्या नीलेशच्या रिक्षातून मागं. भावेशच्या माणसानं गाडी चिंचणीच्या किनाऱ्यापर्यंत आणून दिली आणि सुरूच्या झाडांपाशी उतरला, म्हणाला, इथं मोकळं आहे, इथं चालवा.

चंद्रभान बसला. आरसा नीट केला. गिअरचा गोळा बघितला. स्टीलचा, चकचकीत, वर गिअरचं चित्र कोरलेलं, आकडे घातलेले. चांगलं कोरीव काम बघून तो जरा खूशही झाला. मग क्लच दाबला, दांडा हलवला, क्लच सोडला. गाडीनं एक आचका दिला आणि बंद.

परत. परत बंद.

तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा रिक्षातून नीलेश म्हणाला, "झुंबरकाका, यांना घरी सोडू का आपन?"

"गप बस. नवी गाडी हाय."

"गाडी जुनी हाय, काका. डायवर नवा हाय."

चंद्रभाननं विचार केला, पुढं जात नाही, तर आधी मागं घेऊन सरळ करू. पुढं दहा पावलांवर कमळी कोळणीचे बोंबील होते. बांबूला बांबू बांधून, दोऱ्यांवर जोडीनं टांगलेले, दोन दिवसांच्या उन्हातले. कमळी तिथंच बसून दोरी वळत होती. चंद्रभाननं मान वळवून मागं बघितलं, हात मागच्या सीटवर ठेवायला गेला तर मागची सीटच नव्हती, मग गोळ्यावर ठेवला, दांडा हलवला आणि या वेळी, तीनदा बंद पडलीय म्हणून, ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला.

गाडी मागं गेली नाही. पुढं गेली. सशासारखी उडी मारून गेली, कमळीच्या बांबूत घुसली आणि मग बंद पडली. छप्पर उघडं होतं. सगळे बोंबील आत. वहिनीच्या मांडीवर, रुमालावर, जरीच्या काठावर.

मग कमळी उठली, दोरी हातात घेऊनच चालत आली.

"चंद्रभानदादा," ती म्हणाली, "बोंबील पायजे व्हते तर मागायचे व्हते."

"चुकलं, कमळे."

"मागं बगून पुढं येनारा मानूस मी पयलाच बगितला." मग वहिनीकडे बघून, "नर्मदे, हलू नको. तुज्या मांडीवरचे आदी मोजून घेते."

गाडीला ओरखडासुद्धा गेला नाही, बांबूच मऊ होते. बोंबील सगळे आम्ही विकत घेतले. पण परत येताना वहिनी माझ्या शेजारी रिक्षात बसली, आणि सालवड येईपर्यंत साडीचा काठ पुसत राहिली. सालवडला म्हणाली, "भाऊजी, तुमच्या मित्राला सांगा. ज्या गाडीला क्लच हाय त्या गाडीत मी बसनार नाय. एकटे बसा नि एकटे फिरा."

आता बघा. एवढीशी गोष्ट. पण चंद्रभानची सगळी गाडी त्या दुसऱ्या सीटवर उभी होती. एकट्यानं बसायचं तर त्याला मोटारसायकल काय वाईट होती?

दोन दिवसांनी पांढरीची ट्रायल झाली. मी परत रिक्षात. पहिल्याच सिग्नलला चंद्रभानच्या डाव्या पायानं सवयीनं क्लच शोधला, सापडला ब्रेक. गाडी जागच्या जागी थांबली आणि नीलेशची रिक्षा तिच्या मागच्या दिव्यापासून वीतभर अंतरावर. "काका," नीलेश म्हणाला, "मला या दोघांच्या मागनं जायचं वेगळं भाडं लागेल." पण पुढं सगळं सुरळीत. सालवड, पाम, कुरगाव, लोणी कापल्यासारखी गाडी चालली. तारापूरच्या खाडीवरच्या पुलावर आम्ही शेजारून गेलो तेव्हा बघितलं, चंद्रभानचा डावा हात मांडीवर होता आणि बोटं मांडीवर ठोकत होती, टक टक टक. वहिनी मान टाकून झोपली होती.

परत आल्यावर ती म्हणाली, "हीच घ्या."

"बरं," चंद्रभान म्हणाला.

भावेशनं सांगितलं, रविवारी सकाळी या, कागद तयार ठेवतो, लालला दुसरं गिऱ्हाईक आहे, तेही रविवारीच येतंय.

त्या दिवशी उन्हं उतरल्यावर चंद्रभान ओट्यावर आला. मी कुरमुरे खात होतो, त्याला दिले, त्यानं घेतले नाहीत. म्हणाला, "वाईट कायच नाय पांढरीत. फकस्त मला काम नाय. बसलो की बसलो. दवाखान्यातल्या बाकावर बसल्यावानी."

"मग लाल घे."

"मग नर्मदा बसनार नाय. आनि खरं सांगू, तिचं बराबर हाय. मला जमत नाय, झुंबर. भाग्येशची गाडी जमते, ही जमत नाय. हात गेला माजा."

हे मात्र मला पटेना. ज्याच्या हातानं मोटारीच्या चाकातल्या काड्या कोरल्या, त्याचा हात दोन वर्षांत कसा जाईल? मी त्याला म्हटलं, "पयला कसा टाकलास ते दाखव." त्यानं हवेत मूठ केली, उजवीकडे नेली आणि वर.

"हां?" मी म्हटलं. "परत दाखव."

परत उजवीकडे आणि वर.

"चंद्रभान, एकोणतीस वर्षं मी डायवरच्या मागं उभा ऱ्हायलो. पयला डावीकडे असतो. तू पाचवा टाकलास."

"गोळ्यावर तर..." तो म्हणाला, आणि थांबला.

कुरमुऱ्याच्या कागदावर त्यानं बोटानं चित्र काढलं. पहिला डावीकडे वर. पाचवा उजवीकडे वर. मागं जायचा उजवीकडे खाली. मग तेच चित्र त्यानं मनातल्या मनात उलटवलं, आरशात बघितल्यासारखं, आणि बोट फिरवलं. मागं जायचा गेला डावीकडे खाली. म्हणजे दुसरा. म्हणूनच गाडी पुढं उडी मारून गेली.

"कोरलेलं व्हतं," तो हळूच म्हणाला. "पोलादात कोरलेलं व्हतं, झुंबर. मी डाय समजून वाचलं."

पंचेचाळीस वर्षं पोलादात कोरलेलं जे जे दिसलं ते ते त्याच्या डोळ्यानं आपोआप उलटवून घेतलेलं. भाग्येशच्या गाडीत वाघाची टोपी होती, चित्र कधी दिसलंच नव्हतं, हात आपला आपण जात होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीचा गोळा हजार शिकाऊंनी घासून गुळगुळीत केलेला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं गिअरचं चित्र बघितलं आणि बघून चालवायला गेला. मी हसायला लागलो. मग तोही. माझी नात वैभवी आतून बघायला आली, दोन म्हातारे कुरमुऱ्याचा कागद हातात घेऊन डोळे पुसतायत.

"वयनीला सांग," मी म्हटलं.

"नको. तिला वाटंल आता डोकंबी गेलं. मी बगतो काय ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारावरून जात होतो तर आवाज आला. टक टक टक. दोन वर्षांनी. शेजारची मुलं कुंपणावर चढून बघत होती. मी आत गेलो. चंद्रभाननं शेगड्यावरचं फडकं काढलं होतं. पितळेचा एक गोळा आवळलेला, लिंबाएवढा, आणि त्यावर तो गिअरचं चित्र कोरत होता. उलटं. म्हणजे त्याचा डोळा ते उलटवेल तेव्हा सुलटं होईल. मला म्हणाला, "हा त्या दांड्यावर लावनार. मग चुकनार नाय."

"आनि दुसरं कोनी चालवली तर?"

"बंद पडंल. चोराची भीती नाय."

तीन दिवस तो बसला. आकडे कोरले, आकड्यांच्या भोवती बारीक वेल कोरली, ती कशाला ते त्यालाच ठाऊक. नर्मदावहिनी आतून चहा आणून ठेवायची, विचारायची नाही. तिला वाटलं, कुठून तरी जुन्या गिऱ्हाइकानं काम दिलं. आवाज चालू झाला म्हणून तिचंही बरं चाललं होतं, हे मला तिनं नंतर सांगितलं. दुपारी आवाज नसला की घर मोठं वाटतं, म्हणाली.

शनिवारी चंद्रभान जेवून जरा आडवा झाला. वहिनी चहाचा कप उचलायला पडवीत गेली. गोळा शेगड्यात होता. तिनं बघितलं. मग काय झालं ते तिच्याच तोंडून ऐकावं, पण ती लिहायची नाही म्हणून मी सांगतो. तिच्या हातानं आपणहून फळीवरचा डबा काढला. मेण वाळून दगड झालं होतं. तिनं ते उन्हात ठेवलं, तळहातावर मळलं, मऊ केलं, गोळ्यावर दाबलं आणि उचलून उजेडाला धरलं.

मेणात गिअरचं चित्र उमटलं. सुलटं. एक, दोन, तीन, चार, पाच आणि मागं जायचा.

मग गोळा बघितला. मग छाप. आणि मग तिला किनाऱ्यावरची गाडी दिसली, तीनदा बंद पडलेली, आणि मागं बघत पुढं गेलेली.

मी त्या वेळी नेमका काडेपेटी परत द्यायला आलो होतो, ती माझ्याकडेच राहिली होती. पडवीच्या पायरीवर उभा. वहिनीनं आत हाक मारली, "अहो, उठा."

चंद्रभान उठून आला, डोळे चोळत. तिच्या हातात मेण बघून जागच्या जागी थांबला.

"त्या दिवशी," ती म्हणाली, "तुमी गाडीचा गोळा डाय म्हनून वाचला?"

त्यानं शेगड्यातल्या गोळ्याकडे बघितलं.

"सांगायचं व्हतं ना."

"काय सांगायचं? म्हातारा झालो म्हनून?"

"म्हातारे तुमी हायतच. त्यात सांगायचं काय?" तिनं छाप परत उजेडाला धरली. "वेल कशाला घातली भोवती?"

"रिकामं वाटत व्हतं."

"तीनवरची वेल पातळ झालीय."

चंद्रभाननं मान डोलावली आणि छिन्नीकडे हात नेला. दोन वर्षांनी तो हात तसा जाताना मी बघितला.

"ऱ्हाऊ द्या ती," वहिनी म्हणाली. "या गोळ्याची गरज नाय. उलटं तुमी वाचा, सुलटं मी वाचते. चाळीस वर्षं असंच चाललंय, आता गाडीत बसलो म्हनून काय बदलायचं?"

"म्हंजे?"

"म्हंजे तुमी गोळ्याकडं बगायचं नाय. रस्त्याकडं बगा. गोळा माज्याकडं ऱ्हाईल." मग माझ्याकडे वळून, "आनि भाऊजी, त्या पांढऱ्या गाडीत मला झोप लागली. माज्या बापाच्या बैलगाडीतबी मी कदी झोपले नव्हते. ज्या गाडीत मला कायच काम नाय ती घेऊन करायची काय?"

रविवारी सकाळी भावेशनं पांढरीचे कागद काढून ठेवले होते. पेन पुढं केलं. नर्मदावहिनी म्हणाली, "लालचे काढ."

"मावशी, लाल में क्लच है."

"ठाव हाय. तीच."

भावेशनं चंद्रभानकडे बघितलं. चंद्रभाननं खांदे उडवले. "छाप ती बगते," तो म्हणाला. भावेशला त्यातलं काही कळलं नाही, पण कागद त्यानं बदलले. लालचं दुसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं, पालघरचा एक तरुण, त्यानं पांढरी बघितली आणि अर्ध्या तासात तिच्या प्रेमात पडला. सगळ्यांचंच भलं झालं.

मग भावेशच्या माणसानं गाडी चिंचणीला, त्याच सुरूच्या झाडांपाशी, नेऊन दिली. भरती उतरलेली, वाळू कडक, माणसं तुरळक. मी आणि नीलेश मागं. नीलेशनं रिक्षा मुद्दाम लांब उभी केली. चंद्रभान स्टिअरिंगवर, दोन्ही हात पुढं, डोळे पुढं. वहिनी शेजारी, डोक्याला रुमाल, उजवा हात गोळ्यावर.

"क्लच," ती म्हणाली.

त्यानं दाबला.

तिनं दांडा डावीकडे नेऊन वर सरकवला. "हां. सोडा हळू."

गाडी गेली. आचका नाही, काही नाही. दोघं सरळ रेषेत गेले, मग "क्लच" असा तिचा आवाज वाऱ्यावर आला, मग गाडी जरा वेगात. माझ्या तळपायाखाली वाळू होती, पत्रा नव्हता, तरी मला कळलं, दुसरा अगदी वेळेवर पडला. देवू ड्रायव्हरचाही इतका वेळेवर पडायचा नाही.

कमळीनं लाल रंग लांबून ओळखला. बोंबलांच्या दोऱ्या सोडायला धावली. पण गाडी तिच्यापासून वीस पावलांवर थांबली. वहिनी म्हणाली, "आता मागं," आणि दांडा उजवीकडे खाली नेला. गाडी मागं गेली. बरोबर मागं. कमळी हातात दोरी घेऊन उभी राहिली.

"या येळेला खरंच मागं गेली," ती म्हणाली. जरा नाराजच वाटली मला. मागच्या वेळचे बोंबील तिचे सगळे एकदम खपले होते ना.

वाळूवर तीन दिवस असंच चाललं. रस्त्यावर वहिनी गोळ्याला हात लावत नाही, तिथं पोलीस असतात आणि ती भित्री आहे. नुसतं सांगते. "दुसरा." "तिसरा." पामच्या वळणाला "परत दुसरा, घाई काय हाय." आता महिना झाला. चंद्रभानचा हात आता आपला आपण बरोबर जातो, हे मला माहीत आहे. एकदा वहिनी नसताना तो मला घेऊन वाणगावपर्यंत गेला, एक गिअर चुकला नाही. पण ती शेजारी असली की तो क्लच दाबून थांबतो. ती सांगेपर्यंत दांडा हलवत नाही. मागं ट्रक भोंगा वाजवतो, तरी नाही.

पितळेच्या गोळ्याचं काय झालं म्हणाल, तर परवा त्यांच्याकडे जेवायला होतो. भाकरी, आणि कमळीच्या बोंबलांची चटणी. वहिनी पाट्यावर लसूण ठेचत होती आणि हातात तो गोळा. मी म्हटलं, "वयनी, तीन दिवस खपून कोरलाय त्यानं."

"म्हनून तर," ती म्हणाली. "कोरलेला हाय, लसूण सटकत नाय."

चंद्रभान भाकरी मोडत होता. मान वर न करता म्हणाला, "वेल पातळ झालीय म्हनत व्हती. आता झाली उपयोगी?"

"जाड असती तर आनिक चांगली ठेचली असती," नर्मदावहिनी म्हणाली, आणि माझ्या ताटात चटणी वाढली.